पेडणेकरकाकी आणि न उघडणारं कुलूप

आमच्या भांडुपच्या इमारतीत जानकी पेडणेकर कुठे राहतात असं विचारलंत, तर वॉचमन डोकं खाजवेल. पेडणेकरकाकी म्हटलंत की लगेच सांगेल, सहावा मजला, लिफ्टमधून बाहेर आलात की डावीकडे. मी त्यांच्या खाली पाचव्या मजल्यावर राहते. त्याआधी टेकडीवरच्या चाळीतही आमच्या खोल्या समोरासमोर होत्या, त्यामुळे काकींना मी लहानपणापासून बघत आले आहे.

काकी मालवणजवळच्या एका वाडीतून लग्न होऊन मुंबईत आल्या. दशरथकाका तेव्हा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर काकांनी एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमनची नोकरी धरली, आणि काकी एलबीएस रोडवरच्या काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात लागल्या. पट्ट्यावरून सरकत येणारी बाटली उचलायची, तोंडावरून बोट फिरवायचं, चीर किंवा खडबड लागली तर बाजूला टाकायची. कारखान्याच्या जागी मॉल उभा राहिला तोवर त्यांनी हेच केलं. दोन मुली शिकवल्या, त्यांची लग्नं केली.

तक्रार करणं हा काकींचा स्वभाव नव्हता. चाळीत पाणी आलं नाही की बायका नगरसेवकाकडे मोर्चा काढायच्या. काकी म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या गं. मी तोवर खालच्या गल्लीतून तुमच्यापण कळश्या भरून आणते." आणि खरंच आणायच्या.

पुढे चाळ पाडून बिल्डरने तिथे दोन इमारती बांधल्या. एक आम्हा जुन्या भाडेकरूंची, दुसरी विकायची. मधे भिंत, दोन वेगळी फाटकं. त्यांच्याकडे पोहायचा तलाव, आमच्याकडे सायकलींची शेड. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती, ती म्हणजे दाराचं कुलूप. बिल्डरला एकगठ्ठा स्वस्तात मिळाली असावीत. काळ्या काचेची पट्टी, तिच्यावर बोट ठेवायचं नाहीतर आकडे दाबायचे. दार ओढलं की आपोआप बंद. किल्लीला भोकच नाही. ताबा देताना बिल्डरच्या माणसाने पेढे वाटले आणि सांगितलं, "आता किल्ली विसरायची भानगडच नाही."

पहिलं वर्ष बरं गेलं. काकी शेजारणींना बोट ठेवून दाखवायच्या आणि हिरवा दिवा लागला की खूश व्हायच्या. मग हळूहळू कुलपं बिघडायला लागली. बोट ठेवलं की लाल दिवा. पुसून ठेवलं की लाल दिवा. आकडे दाबले तर कधी उघडायचं, कधी नुसतंच कण्हल्यासारखा आवाज करून गप्प बसायचं. कुणी जिन्यात बसून वाट बघतंय हे आमच्याकडे रोजचंच झालं. मीसुद्धा एकदा भाजीची पिशवी घेऊन तासभर पायरीवर बसले होते. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याच दाराचं नशीब फुटकं.

काकींच्या घरी जे झालं ते मात्र जरा भीतीचं होतं. सकाळची वेळ. काकींनी कुकर चढवला आणि शेजारच्या घरी वाटीभर सोलकढी द्यायला गेल्या. मागे दार बंद झालं. परत आल्या तर उघडेना. काका आत होते. त्यांना ऐकू कमी येतं, कानातलं यंत्र काढून पेपर वाचत बसलेले. काकींनी दार बडवलं तेव्हा कुठे ते उठून आले. त्यांनी आतला खटका दाबून पाहिला. आतूनही उघडेना.

"जानकी, ह्यां दार उघडणा नाय गो," काका आतून म्हणाले.

"आधी गॅस बंद करा. गॅस." काकींचा आवाज तोवर पाचव्या मजल्यापर्यंत पोचला होता. आम्ही सगळे वर धावलो.

"गॅस केव्हाच बंद केलंय. तू भिया नको. मी खुर्ची घेवन दारातच बसलंय."

सुतार यायला बराच वेळ गेला. तेवढा वेळ काका दाराच्या आतून पेपरमधल्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत राहिले, म्हणजे आपण धडधाकट आहोत हे बाहेर कळावं. आम्ही हसत होतो. काकी हसत नव्हत्या. त्यांनी दाराला तळहात लावून ठेवला होता. आत काकांच्या छातीत दुखलं असतं तर, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सुताराने कुलूप फोडून काढलं, काका बाहेर आले, आणि काकी आत जाऊन वरणाला फोडणी द्यायला लागल्या.

दोन दिवसांनी कंपनीचा टेक्निशियन आला. पोरगेलासा, गळ्यात ओळखपत्र, घाईत. त्याने फुटलेलं कुलूप उलटसुलट केलं आणि म्हणाला, "हे तर तोडलंय. वॉरंटी गेली."

"उघडत नव्हतं म्हणून तोडलं," काकी म्हणाल्या.

त्याने काकींची बोटं मागितली, मोबाईलच्या उजेडात पाहिली. "आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत. गुळगुळीत झालीत. मशीन बिचारं काय करणार? तुमच्या बिल्डिंगमधे असे खूप जण आहेत. कामकरी माणसं ना. सेन्सरला असे हात चालत नाहीत."

त्याने काही टोचून म्हटलं नव्हतं. त्याला शिकवलं होतं तेच तो बोलला. पण काकींनी हात मागे घेतला आणि पदराखाली धरला. त्या दिवशी संध्याकाळी मी वर गेले तर गॅलरीत बसून दोन्ही हात समोर धरून बघत होत्या. "बोटांना डोळे आहेत म्हणायचा आमचा फोरमन," त्या म्हणाल्या. "आता म्हणतात बोटंच चुकीची."

काकांनी दाराला बाजारातून साधं लॅच आणून बसवलं. विषय तिथेच संपला असता. पण त्यानंतर काही आठवड्यांनी काकी मासे घेऊन येत होत्या, तर दोन इमारतींमधल्या भिंतीच्या कट्ट्यावर एक बाई बसलेल्या दिसल्या. पांढरे आखूड केस, स्वच्छ इस्त्रीची कॉटनची साडी, हातात पुस्तक, पायाशी कचऱ्याची रिकामी बादली. या पद्मजा वैद्य. विमा कंपनीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या, मुलुंडहून इथे विकायच्या इमारतीत राहायला आलेल्या, एकट्या. काकींनी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

"ऊन लागेल इथे," काकी म्हणाल्या.

"काय करू? कचरा टाकायला बाहेर आले आणि दार बंद झालं. उघडत नाहीये. या महिन्यातली तिसरी वेळ. आता पुस्तक घेऊनच बाहेर पडते."

काकींनी माशांची पिशवी कट्ट्यावर ठेवली. "हात दाखवा तुमचा."

पद्मजाताईंना वाटलं बाई हात बघून भविष्य सांगतात. त्यांनी हसून तळहात पुढे केला. काकींनी तो उलटा केला, एकेक बोटाचं टोक जवळून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या तर सगळ्या रेषा आहेत."

"असायला नकोत का?"

"मला सांगितलं, माझ्या नाहीत म्हणून कुलूप उघडत नाही."

पद्मजाताईंनी पुस्तक मिटलं. "मला सांगितलं, मी हाताला क्रीम लावते म्हणून उघडत नाही."

काकींनी कट्ट्यावरची पिशवी उचलली. मग म्हणाल्या, "चला वरती. आमच्या दाराला आता साधं लॅच आहे, ते उघडतं." त्या दुपारी पद्मजाताईंनी काकींकडे बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ला. वैद्यांच्या घरात मासे कधी शिजले नव्हते. काट्यांशी झगडत त्यांनी सगळं संपवलं आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या, या वेळी कुलूप नीट असताना.

पद्मजाताईंच्या मैत्रिणीची मुलगी गार्गी ग्राहकांचे खटले चालवणारी वकील. ती एका रविवारी आमच्या सायकलींच्या शेडमधे आली. दोन्ही इमारतींतून माणसं जमली होती. विकायच्या इमारतीतली बरीचशी त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या फाटकातून आत आली असतील. गार्गीने साध्या शब्दांत सांगितलं. एकाच वस्तूत एकच दोष असेल आणि त्रास अनेकांना झाला असेल, तर प्रत्येकाने वेगळं भांडायची गरज नाही. एकदोघांनी सगळ्यांच्या वतीने ग्राहक आयोगाकडे अर्ज करायचा. आयोगाने परवानगी दिली की तो खटला सगळ्यांचा होतो, अगदी आपल्याला माहीतही नसलेल्या लोकांचासुद्धा, ज्यांच्या दाराला हेच कुलूप आहे.

"मग सगळ्यांच्या वतीने कोण उभं राहणार?" तिने विचारलं.

कुणाला वेळ नव्हता, कुणाला बिल्डरशी वाकडं नको होतं. विकायच्या इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले, असल्या बातम्या बाहेर गेल्या तर फ्लॅटचे भाव पडतात. पद्मजाताईंनी हात वर केला. आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या काकी म्हणाल्या, "माझं पण नाव लिहा."

मी चमकून बघितलं. कळश्या भरून ठेवणाऱ्या काकी या.

घरी काका म्हणाले, "अगो, तिकडे सगळा इंग्रजीत चलता. तुका काय इचारल्यानी तर?"

"मराठीत सांगेन. दार काय इंग्रजीत अडकलं नव्हतं."

त्यानंतर काकी घरोघर फिरल्या. अर्जासोबत कुणाकुणाच्या कुलपाला काय झालं ते जोडायचं होतं. आमच्या इमारतीत त्यांना कोण नाही म्हणणार. विकायच्या इमारतीत पहिल्या दिवशी तिथल्या गार्डने त्यांना सामानाच्या लिफ्टकडे पाठवलं, कामाला आलेली बाई समजून. काकी त्याच लिफ्टने वर गेल्या, एकेका दारावर थांबल्या आणि प्रत्येक ठिकाणी आधी एकच विचारलं, "तुम्ही कधी बाहेर अडकलात का हो?" हा प्रश्न असा होता की दार उघडणारा माणूस बोलायलाच लागायचा. कुणी टॉवेलवर अडकलेला, कुणाचं तान्हं आत राहिलेलं, कुणी ऑफिसची परदेशी मीटिंग जिन्यात बसून केलेली. फ्लॅटचे भाव पडतील म्हणणाऱ्या गृहस्थांच्या बायकोने काकींना आत बसवून सरबत दिलं आणि नवऱ्यादेखत नाव लिहिलं. चौथ्यापाचव्या दिवशी गार्ड काकींना बघून मोठ्या लिफ्टचं बटण दाबायला लागला.

उपनगरांचा ग्राहक आयोग बांद्र्याला. तिथे पद्मजाताई स्वतः गाडी चालवत काकींना न्यायच्या, इतकी हळू की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून थकायचे. काकी डब्यात घावणे घ्यायच्या. कंपनीच्या वकिलाने दोन मुद्दे धरले. एक, यातल्या निम्म्या लोकांनी कुलूप विकत घेतलेलंच नाही, बिल्डरने घेतलं, तेव्हा हे ग्राहकच नव्हेत. दुसरा, प्रत्येकाचा त्रास वेगळा. कुणाची बोटं झिजलेली, कुणाची चिकट, कुणी बॅटरी बदललेली नाही. मग एकत्र खटला कसा चालेल?

गार्गी म्हणाली की चाळीतल्या खोल्या सोडल्या तेव्हा हे दार आणि हे कुलूप मिळालं, दानात मिळालेलं नाही. आणि घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो, तोही कायद्याने ग्राहकच. राहिला दुसरा मुद्दा. त्यासाठी तिने नुसत्या दोन बायका उभ्या केल्या. एकीला बोटं झिजली म्हणून सांगितलं, दुसरीला बोटांना क्रीम लागलं म्हणून. कुलूप दोघींचं बंद. अध्यक्षांनी काकींना विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

काकी उभ्या राहिल्या. "मी बाटल्या तपासायचं काम करायची साहेब. एक बाटली फुटकी निघाली तर ती बाजूला टाकायची. एकामागून एक फुटक्या यायला लागल्या की आम्ही पट्टा थांबवायचो. तेव्हा बाटलीला कुणी दोष देत नसे, भट्टीकडे बघायला जायचे."

परवानगी मिळाली. आयोगाच्या सांगण्यावरून वर्तमानपत्रांत जाहीर सूचना छापली गेली, की ज्यांच्याकडे या बनावटीचं कुलूप आहे त्यांनी संपर्क साधावा. गार्गीच्या ऑफिसचा नंबर होताच. मराठीत बोलणाऱ्यांसाठी काकींचा नंबर दिला. आणि काकींचा फोन वाजायला लागला.

बोरिवली, घाटकोपर, ट्रॉम्बे, पनवेल. काकींना वाटलं होतं, लोक दोन मिनिटं बोलून पत्ता देतील. लोक अर्धा अर्धा तास बोलायचे. बोरिवलीचे राजाराम नाईक तर पहिल्याच फोनवर सगळं आयुष्य सांगून मोकळे झाले. बायको गेलेली, मुलगा परदेशात, त्याने बाबांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून हे कुलूप पाठवलेलं. "कुलूप बिघडलं हे मुलाला कसं सांगू? त्याने प्रेमाने दिलंय," ते म्हणाले. कंपनीच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं, तुमचा हात थरथरतो म्हणून उघडत नाही.

"हात थरथरतो का?" काकींनी विचारलं.

"थोडा."

"थरथरू दे. कुलपाने तेवढं थांबायला पाहिजे. आणि हे बघा, सुतार बोलवून काढून घ्या, पण फेकू नका. ते आपल्याला दाखवायला लागेल."

मी वर गेले की काकी कानाला फोन लावून भाजी निवडताना दिसायच्या. कुणाला धीर द्यायच्या, कुणाला दटावायच्या. काका म्हणायचे, चाळीतली नळावरची वर्दळ आता घरात आली. काकींना हे सगळं आवडायला लागलं होतं. त्यांनी कधी तोंडाने कबूल केलं नाही, पण फोन वाजला की त्या ज्या लगबगीने उठायच्या, त्यावरून कळायचं.

आयोगाने काही कुलपं तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली. आमच्या इमारतीतली, पद्मजाताईंची, राजारामभाऊंची. अहवाल यायला वेळ लागला. आला तेव्हा गार्गी तो घेऊन काकींच्याच घरी आली आणि मराठीत सांगत गेली. पट्टीच्या कडेचं रबराचं सील नीट बसत नाही. दमट हवेत आत ओल जाते. आधी बोट ओळखणारा भाग बिघडतो, मग आतली मोटर अडकते, आणि तेव्हा दार आतूनही उघडत नाही. दोष बनावटीतच आहे.

पद्मजाताईंनी टाळी वाजवली. काकींनी विचारलं, "बोटांबद्दल काय लिहिलंय?"

"काहीच नाही काकी. बोटांचा संबंधच नाही ना."

"पण त्यांनी तसं सांगितलं होतं. सगळ्यांना." काकींनी अहवालावर बोट ठेवलं. "मग हे पण मागा. आमच्या बोटांचा दोष नव्हता, असं त्यांनी म्हणायला पाहिजे."

गार्गी हसली नाही. तिने ते मागण्यांत लिहून घेतलं.

अहवालानंतर कंपनी समेटाला तयार झाली. आयोगातल्याच मध्यस्थी केंद्रात बैठक झाली. कंपनीकडून एक वरिष्ठ अधिकारी आले होते, पन्नाशीचे, चेन्नईचे, मराठी तुटकं. त्यांनी सगळं मान्य केलं. या बनावटीची सगळी कुलपं फुकट बदलून द्यायची, नव्या कुलपाला किल्लीची सोय ठेवायची, ज्यांची दारं फोडावी लागली त्यांचा खर्च भरायचा, आणि हे पुन्हा वर्तमानपत्रांत छापायचं, म्हणजे ज्यांनी कधी फोन केला नाही त्यांनाही कळेल. कागद पुढे सरकले. शेवटचा मुद्दा आला तेव्हा त्यांच्या वकिलाने भुवया उंचावल्या. अधिकाऱ्यांनी मुद्दा वाचला, परत वाचला आणि विचारलं, "हे कुणाचं आहे?"

"माझं," काकी म्हणाल्या.

ते खुर्चीवरून उठले. टेबलाला वळसा घालून काकींच्या बाजूला येऊन उभे राहिले. "माझी आई बिडी वळायची," ते म्हणाले, थोडं मराठीत, थोडं हिंदीत. "तिचीपण बोटं अशीच. मला माहीत नव्हतं आमची माणसं असं सांगतात. तुमच्या बोटात दोष नव्हता. कुलपात होता."

काकींनी मान डोलावली. "पाणी प्या," त्या म्हणाल्या आणि आपली बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली.

नवी कुलपं बसली. दोन इमारतींमधल्या भिंतीत आता एक लहान दार पाडलंय. पद्मजाताईंनी त्यांच्या सोसायटीच्या सभेत विषय मांडला, थोडी कुरकुर झाली, मग मंजूर झाला. पद्मजाताईंना आता काट्यांचा मासा नीट खाता येतो. राजारामभाऊंनी मुलाला शेवटी सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, आधी का नाही बोललात. दर थोड्या दिवसांनी ते बोरिवलीहून काकांशी पत्ते खेळायला येतात. काका ऐकत नाहीत आणि राजारामभाऊ थांबत नाहीत, त्यामुळे दोघांचं छान जमतं.

यंदा मे महिन्यात मी काकींच्या गावी चार दिवस राहून आले. त्यांच्या वाडीत मोबाईलला रेंज फक्त घरामागच्या फणसाखाली येते. एका सकाळी मी उठले तर काकी तिथे उभ्या होत्या, एका हातात फोन, दुसरा हात झाडाच्या बुंध्यावर. कुर्ल्याची कुणी बाई होती. तिचं पाणी शुद्ध करायचं यंत्र सारखं बंद पडत होतं आणि कंपनी म्हणत होती की त्यांच्या भागातलं पाणीच खराब.

"तुमच्या शेजारणीकडे तेच यंत्र आहे का?" काकी मोठ्याने विचारत होत्या. "आहे ना? मग तिला आधी विचारा. आज संध्याकाळीच जा तिच्याकडे. चहाला जा."

घरातून काका हाक मारत होते, घावणे गार होतायत म्हणून. काकींनी त्यांना हातानेच थांबायची खूण केली आणि पुढे बोलत राहिल्या.